पहिला बार भालेरावांचा

भालेराव भाऊजींचा एकाही वस्तूवर विश्वास नव्हता. माणसांवरही नव्हता, पण माणसांबद्दल त्यांची तक्रार वेगळी होती. "वस्तू उघडून बघता येती, वहिनी. माणसाला स्क्रू कुठं असतो?" असं विचारून ते डावा डोळा मिटायचे आणि माझ्याकडे बघायचे. माझा स्क्रू कुठे असेल याचाच अंदाज घेतायत असं वाटायचं.

डावा डोळा मिटण्याची त्यांची सवय जन्मखुणेसारखी होती. पोकळ काही हाती आलं की ते उजेडाकडे धरून आरपार बघायचं. नळाचा पाइप, गुंडाळलेलं कॅलेंडर, माझ्या धाकटीची बासरी. बायकोनं नव्या बांगड्या आणल्या तर त्यांची चळत डोळ्याला लावून "सरळ हायत" असा निकाल दिला होता त्यांनी. बांगड्या सरळ असतात म्हणजे काय, हे त्या माउलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या ओट्यावर अजून त्यांच्या हातचा एक कुकर आहे. दांडा लाकडी आणि पिवळाजर्द. सून म्हणते, "आई, हा आता टाकून द्या, पाहुणे हसतात." मी म्हणते, हसू देत. त्या दांड्याची हकीकत पाहुण्यांना सांगायला लागले तर वरण करपेल, म्हणून इथे लिहून ठेवते.

आम्ही चिखलीत राहायला आलो तेव्हा गावाच्या एका अंगाला ज्वारी होती आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशीनं. मधोमध आमची चाळ. पहाटे आधी कोंबडा ओरडतो की फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या सायकलींच्या घंट्या, यावर पैजा लागायच्या. चाळीतल्या शेवटच्या खोलीत भालेराव राहायचे. बायको लीलाताई आणि मुलगा मिलिंद. माणूस मूळचा राजगुरुनगरकडच्या खेड्यातला. तरुणपणी फौजेत गेला, पण लढणाऱ्यांत नाही, रायफली दुरुस्त करणाऱ्यांत. फौजेत त्यांच्या हुद्द्याचं नावच कारागीर अशा अर्थाचं होतं. पेन्शन घेऊन आले ते भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात टूलरूमला लागले. संध्याकाळी घरी आले की खाकी हाफ पँट, बनियन, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, आणि दारापुढे बाकडं. त्या बाकड्यावर सगळ्या चाळीच्या मोडक्या वस्तू येऊन पडायच्या.

दुरुस्त केलेली वस्तू मात्र ते लगेच परत द्यायचे नाहीत. आधी स्वतः वापरायची. "पहिला बार माझा," म्हणायचे. इस्त्री असेल तर तिनं आधी त्यांचा शर्ट व्हायचा. छत्री असेल तर ती उघडून ते सार्वजनिक नळाखाली उभे राहायचे, आणि पाण्यासाठी खोळंबलेल्या बायका कपाळाला हात लावायच्या. सायकल असेल तर निगडीपर्यंत जाऊन यायचे. आणि कुकर असेल तर त्यात लीलाताईंची डाळ शिजायची.

आमच्या शेजारी रेहाना भाभी होती. तिच्या बाळाच्या पाळण्याची कडी तुटली. भाऊजींनी ती बसवली, आढ्याला पाळणा टांगला आणि स्वतःच त्यात चढायला लागले.

"अय्यो, भाईसाब, तांदळाचं पोतं ठेवा ना त्याच्यात!" रेहाना ओरडली.

"पोतं हलत न्हाई, रडत न्हाई, उभं राहत न्हाई. लेकरू राहतं." 

गुडघे हनुवटीला लावून ते पाळण्यात बसले. लीलाताई पदरात तोंड लपवून झोके देत होत्या. कोणा एका बाईनं अंगाई धरली. अख्खी चाळ दारात जमून लोटपोट हसत होती, आणि हा माणूस डावा डोळा मिटून वरच्या कडीकडे कान लावून बसलेला. "थांबा," मध्येच म्हणाला, "डावी कडी कुरकुरतीय." उतरला, कडी काढली, पुन्हा बसवली आणि पुन्हा पाळण्यात चढला. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही, कारण आता सगळेच कडीकडे कान देऊन उभे होते. संशय असा साथीसारखा पसरतो.

आता त्या काळातल्या माझ्याविषयी दोन शब्द. मी तेव्हा फार हुशार होते. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि नाही म्हणायला घरी कोणी नसायचं. आमचे हे ओव्हरटाइमला. वाचनालयातून रहस्यकथा आणायच्या, दुपारी वाचायच्या आणि संध्याकाळी चाळीत गुन्हेगार शोधायचे, असा माझा दिनक्रम होता. गुन्हेगार शोधता शोधता माझी नजर भालेरावांवर येऊन थांबली.

पुरावा पहिला: लीलाताईंकडे स्वतःचा कुकर नव्हता. पुरावा दुसरा: तरी त्यांच्या घरातून रोज शिट्ट्या ऐकू यायच्या. निष्कर्ष: हा माणूस लोकांचे कुकर मुद्दाम अडकवून ठेवतो आणि आपली डाळ शिजवून घेतो. डाळ त्यांची, रॉकेल त्यांचं, मग चोरी कसली, हा प्रश्न माझ्या हुशारीला पडला नाही.

आणखी एक होतं. पंधरा ऑगस्टला चाळीतली पोरं त्यांना झेंडा फडकवायला बोलवायला गेली, तर त्यांनी हात जोडले. "मी काय केलंय? बसून पेचकस फिरवला. दुसरा कुणी बघा." दुसऱ्या वर्षीही तेच. मग नळावर कुजबुज सुरू झाली. फौजी माणूस झेंड्याला नाही म्हणतो? पळून-बिळून आलेला असेल. ही शंका पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली ते मी सांगणार नाही. तुम्ही आतापर्यंत ओळखलंच असेल.

मी सापळा लावायचा ठरवला. आमचा कुकर उत्तम चालत होता. तोच उचलला आणि त्यांच्या बाकड्यावर नेऊन ठेवला. "शिट्टीच होत नाही हो, भाऊजी," मी चेहरा पाडून म्हटलं. आता हा किती दिवस ठेवतो आणि काय काय शिजवतो ते बघायचं. खिडकीत बसायची जागाही मी आधीच करून ठेवली होती.

तासाभरात कुकर परत आला. आत डाळीचा कणसुद्धा नाही. भाऊजी दारात उभे. त्यांनी झाकणाच्या भोकातून उजेडाकडे बघून दाखवलं, रबर ताणून दाखवलं.

"ह्याला काय बी झालेलं न्हाई."

"हो का? सकाळी तर..."

"वहिनी," डावा डोळा मिटला गेला, "कुणी पाठवलं तुमाला?"

मी हसले. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून मी नळावर निघाले की त्यांच्या बाकड्यावरच्या सामानावर टॉवेल पडायचा. आमच्या ह्यांच्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. मी सणाचं काही करून पाठवलं तर वाटी तशीच परत. चोर पकडायला गेलेली मी, आणि चाळीत पाळत माझ्यावर! शेवटी धुणं धुताना लीलाताईंनीच सांगितलं, "अगं, तुला हेर समजत्यात ते."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला फार बरं वाटलं. ज्या बाईला सोमवारची गोष्ट मंगळवारपर्यंत पोटात ठेवता येत नव्हती, तिला कोणीतरी हेर समजलं होतं.

"चल माझ्यासंगं," लीलाताई म्हणाल्या, आणि ओल्या हातानंच मला ओढत त्यांच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. "अहो, ऐका. ही हेर न्हाई. ही बावळट हाय. कुकरात डाळ शिजवता म्हणून तुमाला धरायला आली व्हती."

या दाखल्यावर माझी सुटका झाली. भाऊजींनी बराच वेळ मला न्याहाळलं. बावळटपणा अस्सल आहे अशी खात्री पटल्यावर बाकड्यावरचा टॉवेल काढला आणि मला बसायला पाट दिला. मग, मी काही विचारलं नसताना, ते बोलायला लागले. मिलिंदसुद्धा दारात येऊन उभा राहिला. त्यानंही हे पूर्वी ऐकलं नव्हतं.

बांगलादेशची लढाई व्हायच्या आधीचा पावसाळा. भालेराव तेव्हा विशीतले. त्रिपुराच्या बाजूला, सरहद्दीजवळ, बांबूची एक शेड. पलीकडून जीव घेऊन आलेली माणसं तिथे यायची. शेतकरी, कारकून, नावाडी, शाळामास्तर. आपला मुलूख सोडवायचा म्हणून बंदूक शिकायची आणि पुन्हा पलीकडे जायचं. त्यांच्या रायफली दुरुस्त करणं हे भालेरावांचं काम.

"लोकांना वाटतं लढाई म्हंजे धडाड-धुडुम. न्हाई, वहिनी. लढाई म्हंजे चिखल. सकाळी मग्गाभर चा प्यायचा आन् चिखल काढायला बसायचं. नळीत चिखल, बोल्टात चिखल, भातात चिखल. दोरीला चिंधी बांधायची, नळीतनं वढायची, डोळा लावून बघायचं. पुन्हा चिंधी, पुन्हा डोळा. दिस कलला की लंगरात जेवायचं. दुसऱ्या दिशी त्येच. तेल संपलं की मोहरीचं तेल घालायचो. अख्ख्या शेडला लोणच्याचा वास."

पावसानं रायफलींचे लाकडी दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचे मागचे भाग, फुगायचे, तडकायचे. बदली माल वेळेवर यायचा नाही. तिथे फणसाची झाडं फार. भालेरावांनी फणसाचे ओंडके मिळवले, पटाशीनं दस्ते कोरले, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केले. फणसाचं लाकूड पिवळं. साहेब चिडला, की पिवळं लांबून दिसतं. मग काजळी आणि तेल चोळून ते काळं करायचं. पावसात काजळी धुऊन जायची आणि पिवळं पुन्हा डोकं वर काढायचं.

"पण माझा कुकर आणि हेर?" मला राहवेना.

"सांगतो की. एखादा यायचा, 'बघा हो, अडकतीय' म्हणायचा. मी बघतो तर रायफल लोण्यावानी चालतीय. मग ह्याला बघायचंय काय? शेडमधी हत्यारं किती, ट्रक कुठनं येतो, पहारा कधी बदलतो, हेच ना? असा मानूस आला की साहेबाला सांगायचं, असा हुकूम व्हता. चांगली वस्तू दुरुस्तीला आणनारा काहीतरी लपवतो, वहिनी."

"मग? सांगितलंत?"

"दोघांचं सांगितलं." भाऊजी पेचकसाच्या टोकानं नखातली घाण काढत होते. "एक खराच हेर निघाला. दुसऱ्याला नुसतं पावसातनं घटकाभर बसायला जागा पायजे व्हती. त्याला दोन दिवस बांधून ठेवला. मला दोघांची तोंडं सारखीच आठवत्यात."

लीलाताईंनी चहा ठेवला.

पहिल्या बाराचं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. दुरुस्त झालेली प्रत्येक रायफल ते आधी स्वतः शेडमागच्या मातीच्या बांधावर चालवायचे. दुरुस्तीत चूक असेल तर ती दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडावर फुटावी, हा त्यांच्या उस्तादानं घालून दिलेला रिवाज. त्या माणसांत एक शाळामास्तर होता, अशाच दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्याचा. त्याच्या रायफलीला नवा दस्ता बसत होता आणि बोल्टातला एक तुकडा भालेरावांनी घासून नवा केला होता. मास्तर रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन विचारायचा, "होये गेछे?" म्हणजे, झालं का? मग स्वतःच काच घेऊन दस्ता घासत बसायचा. त्यानं खिळ्यानं त्यावर एक मासा कोरला होता.

"दस्ता झाला त्या दिशी सांजच्याला त्यांची टोळी निघायची व्हती. आन् तवाच हुकूम आला, आज कुनी बार काढायचा न्हाई. पलीकडची गस्त जवळ आलीय, आवाज जाईल. मी म्हनलं, मास्तर, उद्या न्या. ही अजून बघितलेली न्हाई. तो हासला. म्हनला, तुज्या हातची हाय, बघायचं काय?" भाऊजींनी कप खाली ठेवला. "इस्वास ठेवला येड्यानं."

ती टोळी त्या वाटेनं परत आली नाही. दुसऱ्या वाटेनं गेली असेल, दुसऱ्या छावणीत उतरली असेल. मग मोठी लढाई झाली, देश सुटला. पुढे त्या लोकांनी हत्यारं परत केली तेव्हा एका मैदानात रायफलींचे ढीग पडले. ती निवडून वेगळी करायला बसवलेल्यांत भालेरावही होते. पिवळं दिसलं की ते ढिगात हात घालायचे. त्यांचे पुष्कळ दस्ते सापडले. मासा सापडला नाही.

"बार झाला आसंल. न्हाई तर झालाच नसंल. न्हाई तर माघारी फुटला आसंल त्याच्याच डोळ्यात. मला ठावं न्हाई. ज्याला हे ठावं न्हाई त्यानं झेंडा कशाला लावायचा?"

अशा वेळी शहाण्या माणसानं काय बोलावं? मी शहाणी नव्हते. मी म्हटलं, "म्हणजे डाळ तुमचीच होती तर."

लीलाताईंना ठसकाच लागला. भाऊजी आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या पोटातून काहीतरी घरघरत वर आलं. हसू होतं ते. फार वापरात नसल्यामुळे अडकत अडकत येत होतं.

काही महिन्यांनी माझ्या कुकरचा दांडा खरोखरच तुटला. भाऊजींनी कुठून तरी फणसाचं लाकूड पैदा केलं आणि दांडा करून दिला. कुकर आला तो आतल्या डाळीसकट. "पहिला बार झालाय. खाऊन बघा," म्हणाले. डाळ महाभयंकर तिखट होती.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की त्यांचा संशय नेहमी खरा निघायचा. मुळीच नाही. माझा नवाकोरा मिक्सर त्यांनी निव्वळ संशयावरून उघडला. बंद केला तेव्हा एक स्क्रू बाहेर उरला. मिक्सर चालत होता, म्हणून "हा कंपनीनं जास्तीचा घातला व्हता" असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या बहिणीच्या लग्नाची तर त्यांनी वाटच लावली असती. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात फिटर. बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो तोच भाऊजी म्हणाले, "पावनं, हात दावा बरं."

मुलानं दोन्ही हात पुढे केले. गोरे, स्वच्छ, नखं कापलेली.

भाऊजींनी आमच्या ह्यांना बाजूला घेतलं. "ह्यो फिटर न्हाई. फिटरच्या नखात तेल नसतं व्हय? काहीतरी लपवतोय. पोरगी देऊ नका."

माझ्या वडिलांचं तोंड उतरलं. मीही अर्थात लगेच संशयाला फोडणी दिली. मला काय, निमित्तच हवं. बोलणी मोडायच्या बेतात आली. तेव्हा मुलाची आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो, कालपासून लाकडाचा भुसा आणि साबण लावून घासतोय तो हात! पोरीकडच्यांना काळे दिसायला नकोत म्हणून!" भाऊजींनी पुन्हा हात मागितला, अंगठ्याच्या बेचक्यात बोट फिरवून गट्टे चाचपले आणि म्हणाले, "हाय. फिटर हाय. पर एवढं घासायचं न्हाई. मानूस वळखू येत न्हाई." लग्न झालं. तो मेव्हणा आजही कुठे कार्यात भेटला की माझ्यापुढे हात करतो, "ताई, तपासून घ्या."

दिवस गेले. ज्वारी गेली, चाळही गेली. मालकानं तिथेच इमारत बांधली आणि आम्हाला आणि भालेरावांना त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर समोरासमोर घरं मिळाली. लिफ्ट आली त्या दिवशी भाऊजींनी ती बसवणाऱ्या मेकॅनिकला गाठून वर-खाली फिरायला लावलं, स्वतः बाहेर कान देऊन उभे राहिले, आणि जिन्यानं वर गेले. लीलाताई गेल्या. आता तर सगळी सोसायटीच संशयी झाली आहे. गेटवर कॅमेरे, दूधवाला आला तरी फोनवर परवानगी. मी एकदा म्हटलं, "बघा भाऊजी, सगळं जग तुमच्यासारखं झालं." ते तुच्छतेनं म्हणाले, "कॅमेरा नुसता बघतो. उघडून बघतो का?"

मग ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याआधीच हात थरथरायला लागले होते, पेचकस स्क्रूवर टेकेना. डॉक्टरांनी बजावलं, रोज खाली न्या, व्यायामाला आणा, नाहीतर पाय असाच आखडेल आणि उरलेलं आयुष्य बिछान्यात जाईल. मिलिंद आता चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. त्यानं चाकांची खुर्ची मागवली. ती खोक्यात सुटी आली, त्यानं दोन शिफ्टच्या मधल्या वेळात जोडली, आणि भाऊजी तिच्यात बसायला तयार होईनात.

पंधरवडा गेला. महिना होत आला. मिलिंद एका सकाळी आमच्याकडे आला, डोळे तांबडे. "काकू, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"माझं? अरे, या इमारतीत त्यांचा सगळ्यात जुना संशय माझ्यावर आहे."

तरी गेले. भाऊजी पलंगावर टेकून बसलेले. खुर्ची कोपऱ्यात, आणि तिच्यावर टॉवेल. तो टॉवेल बघितल्यावर मला पुढचं सांगावं लागलं नाही.

"कुणी जोडलीय ही?" त्यांनी मलाच विचारलं.

"मी जोडलीय, बाबा," मिलिंद वैतागून म्हणाला, "आणि तुमच्यासमोर बसूनही दाखवलं!"

"रागानं बसलास. रागानं बसलेल्या मानसाला आवाज ऐकू येतो व्हय? संशय घिऊन बसावं लागतं." मग त्यांनी स्वतःचे हात उचलून माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. "मी असतो तर केलं असतं, वहिनी. ह्या हातानं आता पाना धरवत न्हाई. आन् न बघितलेलं काय मी कुनाला दिलं न्हाई, त्या मास्तराशिवाय. सोता तरी कसा घिऊ?"

मी पदर खोचला. "पाना कुठाय?"

त्यांनी बोलून सांगितलं, मी फिरवलं. कुठला नट अर्धा वेढा, कुठला पाव. मध्ये मध्ये "आस्ते, आस्ते." मिलिंदनं जोडलेलं बहुतेक सगळं ठीकच होतं, हे मी त्याच्या बाजूनं नमूद करते. शेवटचा नट आवळून झाल्यावर मी खुर्ची बाहेरच्या पॅसेजमध्ये ढकलली आणि साडी सावरून तिच्यात बसले.

"आई! पडाल!" समोरच्या दारातून सूनबाई किंचाळली.

"पडले तर माझ्या दुरुस्तीनं पडेन," मी म्हटलं. "पहिला बार माझा."

आणि निघाले. सत्तरीची बाई, खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी चाकं ढकलत, लिफ्टवरून, चपलांच्या कपाटांवरून, शेवटच्या खिडकीपर्यंत. दारं उघडली, माणसं बाहेर आली, कोणी फोन काढून शूटिंग करायला लागलं. वेग घ्यायला मला फार मजा आली, हेही लपवत नाही. पण कान मात्र मी चाकांना लावून ठेवला होता. भाऊजी मिलिंदच्या आधारानं कसेबसे दारात येऊन उभे होते. डावा डोळा मिटलेला.

मी वळून परत आले. "डावीकडे कुरकुरतंय."

"म्होरलं का मागलं?"

"मागलं."

त्यांचा मिटलेला डोळा उघडला. मला वाटतं, इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी बिघाड ऐकू आला होता. मग मिलिंदकडे वळून म्हणाले, "बघ. हिला म्हनत्यात संशय." त्यानं तेलाची कुपी आणली. मी थेंब सोडले, पुन्हा बसले, पुन्हा खिडकीपर्यंत गेले. या वेळी कोणी हसत नव्हतं. सगळा मजला चाकाकडे कान देऊन उभा होता. काही ऐकू आलं नाही.

मी उठून खुर्ची त्यांच्यापुढे आणली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हळूच, मला ऐकू जाईल एवढंच, विचारलं, "होये गेछे?"

"झालंय. बसा."

बसले. लिफ्टपाशी पुन्हा अडले, तेव्हा आधी मी एकटी खाली जाऊन वर आले. त्याशिवाय सुटका नव्हती.

त्यानंतर सबंध हिवाळा ते रोज सकाळी खाली उन्हात यायचे. पाय बराच मोकळा झाला. वॉकर धरून चार पावलं टाकायलाही लागले होते. उन्हाळा लागता लागता, झोपेतच गेले. मी त्या दिवशी पिंपळे गुरवला लेकीकडे होते, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं शेवटचं राहिलं आहे ते आदल्या सकाळचं.

मी कपडे वाळत घालायला गॅलरीत आले होते. खाली गेटपाशी त्यांची खुर्ची. वॉचमननं वाचून झालेला पेपर त्यांच्या हातात दिला होता. तो उघडून वाचायचं सोडून त्यांनी त्याची घट्ट सुरळी केली आणि डोळ्याला लावली. आधी नवा कॅमेरा तपासला. मग वॉचमनच्या खिशाची झडती झाली. तो बिचारा अवघडून सरळ उभा राहिला. मग सुरळी एकेक मजला चढत वर आली आणि आमच्या गॅलरीवर येऊन थांबली.

मी हातातला पिळा खाली ठेवला, मूठ पोकळ करून उजव्या डोळ्याला लावली, डावा मिटला, आणि त्यांच्याकडे बघत राहिले. बराच वेळ आम्ही दोघांनी एकमेकांना आरपार पाहून घेतलं.